शब्द पाठ, उतारा कोरा

मोबाइल पालथे ठेवा आणि इकडे बघा. आज नवीन काही शिकवणार नाही. जीआरईच्या सराव परीक्षेचे निकाल मी प्रश्नागणिक पाहिले आहेत, आणि जे दिसलं ते तोंडावर सांगणार आहे. राग येईल. येऊ दे.

शब्दांची चाचणी घेतली की तुम्हांला पैकीच्या पैकी मिळतात. 'ऑब्ड्युरेट' म्हणजे हट्टी, 'लॅकॉनिक' म्हणजे मितभाषी, 'एफेमेरल' म्हणजे क्षणभंगुर. झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगाल. आणि हेच शब्द असलेला दहा-बारा ओळींचा एक उतारा पुढे ठेवला, लेखकाला नेमकं काय म्हणायचं आहे असा साधा प्रश्न विचारला, की निम्मा वर्ग चुकतो. चुकतो म्हणजे किती चुकतो? लेखक ज्या मताला मर्यादा घालतोय ते मत तुम्ही त्याच्याच नावावर टाकता. कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, कुठे वळण घेतलं, यातलं काहीही तुमच्या डोक्यात उरलेलं नसतं. वर मला सांगता, 'सर, व्होकॅब कमी पडली.' व्होकॅब कमी पडली नाही. तुम्ही वाचलंच नाही. डोळे ओळींवरून फिरवले आणि पर्यायांकडे धावलात.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या टेबलावर बॅरन्सचं ते जाडजूड पुस्तक आहे, साडेतीन हजार शब्दांची यादी असलेलं. कुणाला मामेभावाने दिलंय, कुणाला शेजारच्या दादाने. तो दादा नव्वदच्या दशकात ती यादी पाठ करून अमेरिकेला गेला आणि आजही फोनवर तुम्हांला तोच सल्ला देतो. त्याचं त्या काळी बरोबर होतं. त्याच्या परीक्षेत सुटे विरुद्धार्थी शब्द विचारत, शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायला सांगत. यादी पाठ असली की तिथे थेट गुण मिळत. ऑगस्ट २०११मध्ये जीआरईतून हे दोन्ही प्रकार काढून टाकले. गुणांची दोनशे ते आठशेची जुनी पट्टी गेली, एकशे तीस ते एकशे सत्तरची आली. सप्टेंबर २०२३मध्ये तर परीक्षाच आखडली आणि दोन तासांच्या आत आली. तुम्ही मात्र जी परीक्षा तुमच्या लहानपणीच बंद झाली तिची तयारी करताय, आणि तीही रात्र रात्र जागून. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसची अधिकृत अशी कुठलीही शब्दयादी नाही. ज्या याद्या फिरतात त्या शिकवणीवाल्यांनी आणि प्रकाशकांनी केलेल्या आहेत. हे तुम्ही कधी तपासून पाहिलंत? दीड-दोन वर्षांची तयारी आणि बापाच्या खिशातून फी, पण परीक्षेचं स्वरूप काय आहे हे ईटीएसने स्वतः लिहून ठेवलेलं फुकटचं पान उघडायला तुम्हांला वेळ झाला नाही.

मग मीच सांगतो, कान देऊन ऐका. शाब्दिक भागात आता सत्तावीस प्रश्न असतात. पहिल्या विभागात अठरा मिनिटांत बारा, दुसऱ्यात तेवीस मिनिटांत पंधरा. पहिला विभाग कसा सोडवलात त्यावर दुसरा किती अवघड येणार ते ठरतं. यातले जवळपास निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे. उरलेल्यांत गाळलेल्या जागा, आणि सहा पर्यायांतून एकाच अर्थाचं वाक्य तयार करणारे दोन शब्द निवडायचे. दोन किंवा तीन जागा गाळलेल्या असल्या तर सगळ्या बरोबर आल्या तरच गुण. दोन बरोबर आणि एक चूक म्हणजे शून्य. यात सुट्या शब्दाचा अर्थ विचारणारा एकही प्रश्न नाही. प्रत्येक शब्द वाक्यात येतो, आणि तिथे काय हवं हे वाक्यच ठरवतं.

परवाचं वाक्य आठवा. मराठीत सांगायचं तर, त्या समीक्षकाची स्तुती इतकी अमुक होती की लेखकाला ती उघड निंदेपेक्षा जास्त झोंबली. पर्याय होते इफ्यूसिव्ह, लॅव्हिश, टेपिड, हाफहार्टेड आणि आणखी दोन. अर्ध्याहून अधिक जणांनी इफ्यूसिव्ह आणि लॅव्हिश ही जोडी निवडली. का? तर आधी 'स्तुती' दिसली आणि हे दोन शब्द एकमेकांचे समानार्थी आहेत हे यादीत पाठ होतं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग वाचायची कुणाला गरजच वाटली नाही. भरभरून केलेली स्तुती निंदेपेक्षा जास्त का झोंबेल? हा प्रश्न एकाच्याही मनात आला नाही. कोमट, अर्ध्या मनाने केलेली स्तुती झोंबते, हे तुम्हांला जन्मापासून ठाऊक आहे. घरात पाहुण्यांनी 'बरं झालंय' म्हटल्यावर आईचा चेहरा कसा होतो ते तुम्ही पाहिलंय. समज तुमच्याजवळ आहे. ती परीक्षेच्या खोलीबाहेर ठेवून तुम्ही फक्त यादी घेऊन आत येता, याची मला चीड येते. आणि शब्दांची जोडी जुळते म्हणून वाक्य जुळतंच असं नाही. परीक्षा काढणाऱ्यांना तुमची ही सवय माहीत आहे. त्यांनी ती जोडी तिथे मुद्दाम ठेवलेली असते.

शब्दांच्या छटांबद्दल तर बोलायचीच सोय नाही. 'फ्रूगल' आणि 'पार्सिमोनियस' या दोन्हींसमोर तुमच्या वहीत 'काटकसरी' लिहिलंय. आजीला कुणी काटकसरी म्हटलं तर ती सुखावते. कंजूष म्हटलं तर तो माणूस पुन्हा दारात उभा राहत नाही. इंग्रजीतही अंतर तेवढंच आहे, आणि नेमक्या त्या अंतरावर प्रश्न येतो. 'मेटिक्युलस' आणि 'फास्टिडिअस' यांची गतही तीच. हे अंतर यादीतून कळत नाही. तो शब्द कोणत्या माणसाबद्दल, कुणी, कोणत्या सुरात वापरला, हे पाचसहा ठिकाणी वाचल्यावर कळतं.

याच्याही मुळाशी जातो. तुम्ही मराठीही वाचत नाही. शेवटचं अख्खं पुस्तक कधी वाचलंत, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. एकाने दहावीच्या पाठ्यपुस्तकाचं नाव घेतलं. बाकीचे खाली बघत होते. एखादा माणूस चार पानं सलग काही मुद्दा मांडतो, मध्येच स्वतःच्याच म्हणण्याला आक्षेप घेतो, त्याला उत्तर देतो आणि मूळ मुद्दा थोडा बदलून पुढे जातो. हे सगळं धरून ठेवत त्याच्या मागोमाग चालण्याची सवय कोणत्याही भाषेत लागली असती तरी इंग्रजीत उपयोगी पडली असती. ती सवयच नाही म्हणून उतारा तुम्हांला परका वाटतो. इंग्रजी हे निमित्त झालं.

आता गेल्या आठवड्याचा समुद्री पाणमांजरांचा उतारा काढा. मी तो वर्गासाठी लिहिला होता, पण त्यातली माहिती खरी आहे आणि मांडणी परीक्षेतल्यासारखी आहे. पहिल्या दोन वाक्यांत एक सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पाणमांजरं सी-अर्चिन नावाचे काटेरी जीव खातात, हे जीव केल्प नावाचं शैवाल फस्त करतात. त्यामुळे कातड्याच्या व्यापारासाठी जिथे पाणमांजरं मारली गेली तिथे अर्चिन माजले आणि केल्पची जंगलं ओसाड झाली. तिसरं वाक्य 'मात्र'ने सुरू होतं. दक्षिण कॅलिफोर्नियात पाणमांजरं गेली, तरी केल्प बऱ्याच ठिकाणी टिकून राहिलं. तिथे काही मासे आणि काटेरी शेवंडही अर्चिन खातात. शेवटी लेखक म्हणतो, अ‍ॅल्युशियन बेटांवर जे दिसलं ते खरंच आहे, पण तो नियम सगळ्या किनाऱ्यांना लावताना तिथे दुसरं कोण शिकारी आहे हे पाहायला हवं.

प्रश्न होता, या उताऱ्याचा मुख्य हेतू काय. दोन पर्यायांवर तुम्ही तुटून पडलात. एक म्हणत होता की लेखक प्रचलित स्पष्टीकरण खोडून काढतो. ते साफ चूक, कारण तो त्याला खरं म्हणतो, शेवटच्या वाक्यात, पांढऱ्यावर काळं. दुसरा पर्याय म्हणत होता की पाणमांजरं केल्पचं रक्षण कसं करतात ते लेखक समजावतो. हे पहिल्या दोन वाक्यांपुरतं खरं आहे आणि तुम्ही तिथवरच वाचलं होतं. बरोबर उत्तर होतं, 'टु क्वालिफाय अ वाइडली हेल्ड एक्स्प्लनेशन'. ते कुणी निवडलं नाही, कारण क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणे, हे तुम्हांला पाचवीपासून येतं. एखाद्या विधानाला अट घालणे, त्याची व्याप्ती आवळणे, हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे आणि विद्वानांच्या लेखनात तो पावलोपावली भेटतो. 'टेम्पर' म्हणजे राग एवढंच तुम्हांला ठाऊक, पण सौम्य करणे हाही त्याचा अर्थ. 'अरेस्ट' म्हणजे नुसती अटक नव्हे, रोखून धरणेही. 'इकॉनॉमी' म्हणजे शब्दांची काटकसरही, 'चॅम्पियन' म्हणजे एखाद्या विचाराची बाजू लावून धरणेही. अवघड शब्द तुम्ही पाठ केलेत आणि सोप्या शब्दांत बुडालात. साडेतीन हजारांच्या यादीत हे शब्द तुम्ही 'हे तर येतं' म्हणून ओलांडून गेला होतात.

चुकीचे पर्याय कसे बनतात ते मी तुम्हांला कितीदा सांगितलं? उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचलून त्यांतलं नातं उलटं करायचं. किंवा जगात खरी असलेली, पण उताऱ्यात कुठेही नसलेली गोष्ट घालायची. किंवा अर्धा भाग बरोबर ठेवून शेवटी एकच शब्द फिरवायचा, 'काही' असेल तिथे 'सर्व', 'शक्यता आहे' असेल तिथे 'सिद्ध झालं'. हे तुम्ही वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलंय. सोडवताना मात्र पर्याय वाचता आणि त्यातला 'ओळखीचा' वाटतो त्यावर बोट ठेवता. ओळखीचा वाटणारच. त्याने उताऱ्यातलेच शब्द घातलेत! बायोलॉजीवाला जीवशास्त्राच्या उताऱ्यात हटकून चुकतो, कारण तो लेखकाला बाजूला सारून स्वतःच्या पुस्तकातलं लिहून येतो. या परीक्षेत बाहेरचं ज्ञान लागत नाही. आणलंत तर ते आड येतं.

वेगाचं काय, असं विचारू नका. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवतो अशा जाहिराती मीही पाहतो. वाचनाच्या शास्त्रात आयुष्य घालवलेल्या कीथ रेनर यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. वेग फार वाढवला की समज घटते, हा त्याचा निष्कर्ष. आपोआप वेग वाढतो तो भाषेची ओळख वाढल्याने, भरपूर वाचल्याने. तुम्हांला प्रत्येक प्रश्नाला दीड मिनिट मिळतं. तुमची तक्रार आहे की उतारा एकदा वाचून कळत नाही, मग तीनदा वाचावा लागतो, मग वेळ जातो. पहिल्यांदाच नीट वाचा. प्रत्येक वाक्यापाशी स्वतःला विचारा, हे आधीच्या वाक्याच्या बाजूने आहे की विरोधात. एवढं केलंत तर तीनदा वाचावं लागणार नाही.

पाठांतराबद्दल शेवटचं सांगतो आणि तो विषय बंद करतो. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच विसरण्याचे प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते, अर्थाची मदत मिळू नये म्हणून. विसरणं सर्वांत वेगाने होतं ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात, हे त्याला दिसलं. तुमची यादी पाठ करण्याची पद्धत नेमकी तीच आहे, ज्याला कशाचाही आधार नाही असं काहीतरी मेंदूत कोंबणं. आणि उजळणी म्हणजे तुम्ही काय करता? पान पुन्हा वाचता, मान डोलावता, 'येतंय' म्हणता. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल ते कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही. पण पुस्तक मिटून आठवायचं म्हटलं की लगेच कळतं आपल्याला काय येत नाही, आणि ते कळू नये म्हणून तुम्ही पान उघडंच ठेवता.

शब्द लागतच नाहीत असं मी म्हणालो, असं बाहेर जाऊन सांगू नका. लागतात, आणि भरपूर लागतात. न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि त्यांच्या सहसंशोधकाने २००० साली दाखवलं की मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट कळायला त्यातले अठ्ठ्याण्णव टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नासात एक अनोळखी, फार तर. अडीचशे शब्दांच्या पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक आज तुमच्यासाठी नाही. जरा सोपं घ्या, लाज वाटून घेऊ नका. आणि एकही अडला नाही तर तुम्ही तिथे आराम करताय. अडलेला शब्द पूर्ण वाक्यासकट लिहायचा. मराठी अर्थ लिहा, त्याच्या शेजारी तो शब्द कौतुकाचा आहे की टोमण्याचा तेही लिहा. तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी वाक्यातला तो शब्द झाकून आठवा. ही मेहनत आहे. तासाला पन्नास शब्द होणार नाहीत, दहा होतील. पण ते दहा तुमचे असतील.

वाचायचं काय, हे तुम्हांला प्रत्येक जण सांगतो आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख असंच सांगतो. अग्रलेख वाईट नाहीत. पण त्यांत मत आधीच ठरलेलं असतं आणि सगळं त्याच्याच बाजूने उभं असतं. परीक्षेतला उतारा विद्वानांमधल्या वादाचा असतो. तसा वाद तुमच्या हाताशी आहे. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' १९६६पासून आपल्या मुंबईतून निघतं. त्यातला एक लेख आठवड्याला घ्या, आधीच्या संशोधकांशी लेखक कुठे भांडतो ते शोधा. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, आणि त्यांनी १९६२ साली 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' लिहिलं. पुण्याच्या आसपासच्या वाटा, देवींची ठाणी, कार्ल्याची लेणी यांवरून ते इतिहासाचा एकेक निष्कर्ष काढतात, आणि इंग्रजी असं की एका वाक्यात तीन अटी. तुम्ही ज्या रस्त्याने दुचाकीवरून लोणावळ्याला जाता तोच रस्ता त्यांनी वाचलाय. इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' मराठीत १९६७ साली आलं. बर्लिनला डॉक्टरेट करून आलेल्या बाईंनी ते पुढे स्वतःच इंग्रजीत आणलं. दोन्ही शेजारी ठेवून एक प्रकरण वाचा. तोच विचार त्याच माणसाने दोन भाषांत कसा उभा केला, हे पाहिलंत तर शिकवणीचे चार महिने वाचतील. विज्ञानवाल्यांनी स्टीफन जे गूल्ड यांचे निबंध घ्यावेत. पुस्तकं महाग आहेत अशी सबब सांगू नका. पुणे नगर वाचन मंदिर १८४८पासून उभं आहे आणि विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. तुम्ही तिथे अभ्यासिकेतली खुर्ची पकडायला जाता. बाजूच्या कपाटाला हात लावत नाही.

सबबींची यादी तुमच्याकडे बॅरन्सपेक्षा मोठी आहे. 'मी मराठी माध्यमातला.' बस्स कर. तू सांगतोस की तुझ्या वडिलांनी कर्ज काढलंय, आणि मला तुझी काळजी वाटते, म्हणूनच तुला सूट देणार नाही. मराठी माध्यमातून आलेला मुलगा बसला की एकेक ओळ लावून वाचतो, कारण त्याला ठाऊक असतं की आपल्याला येत नाही. तो टिकून राहिला तर पुढे जातो, आणि असे पुढे गेलेले मी पाहिलेत. माझी खरी चिंता इंग्रजी माध्यमवाल्यांची आहे. इंग्रजी चित्रपट बघता, इंग्रजीत भांडता, म्हणून तुम्हांला वाटतं की उतारा आपोआप कळेल. बोलता येणं वेगळं आणि दहा ओळींतला युक्तिवाद पेलणं वेगळं. तुमची गाडी याच भ्रमात अडकली आहे.

'नोकरी आहे, वेळ नाही.' लोकलमध्ये, बसमध्ये, जेवताना हातात फोन असतोच. त्यावर काय चालू असतं ते मी विचारत नाही. 'कमी आले तर पुन्हा देऊ.' देता येते, हे मला माहीत आहे. एकवीस दिवसांनी पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाचदा देता येते. पाचदा न वाचता दिलीत तर पाचदा तेच गुण येतील. 'बऱ्याच विद्यापीठांनी जीआरई ऐच्छिक केलीय.' केलीय, महासाथीनंतर अनेक विभागांनी अट काढून टाकली. पण वाचनाची अट कोणत्या विद्यापीठाने काढली ते मला दाखवा. तिथे पहिल्याच आठवड्यात प्राध्यापक शोधनिबंधांचा गठ्ठा देतील आणि विचारतील, या दोन लेखकांचं कुठे पटत नाही. त्या वर्गात पर्याय नसतील.

कॅट देणाऱ्यांनी मागे बसून गंमत बघू नये. तुमच्या परीक्षेत तर सुटे शब्द विचारतच नाहीत, चाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न असतात आणि त्यातले सोळा चार उताऱ्यांवरचे. पर्यायी प्रश्न चुकला की एक गुण कापला जातो. एक्सएटीला बसणाऱ्यांनी कवितेवरच्या प्रश्नांसाठीही तयार राहावं. तिथे यादीवाला माणूस किती वेळ तग धरेल ते तुम्हीच ठरवा.

मी एवढं तावातावाने बोलतोय कारण तुमच्यात कुवत आहे. गणिताच्या भागात एकशे सहासष्ट-अडुसष्ट मिळवणारी मुलं शाब्दिकमध्ये एकशे चाळीसच्या घरात अडकतात आणि मग म्हणतात, आपण इंग्रजीत कच्चे. तुम्ही कच्चे नाही. कुणी तुम्हांला सांगितलं की भाषा ही पाठ करायची गोष्ट आहे, आणि तुम्ही ते ऐकलंत, कारण पाठ करणं सोपं असतं. रोज किती शब्द झाले ते मोजता येतं. वाचनाचं असं मोजमाप नाही. आज वाचलेलं कधी उपयोगी पडेल ते सांगता येत नाही, आणि त्या अनिश्चिततेला तुम्ही घाबरता.

म्हणून आजपासून माझ्या वर्गात शब्दांची चाचणी बंद. त्याऐवजी प्रत्येकाने चुकांची वही ठेवायची. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली तीन गोष्टी लिहायच्या. उताऱ्यातलं कोणतं वाक्य बरोबर उत्तराला आधार देतं. आपण निवडलेला पर्याय नेमक्या कोणत्या शब्दावर खोटा ठरतो. आणि तो निवडताना आपल्या मनात काय चाललं होतं. 'सिली मिस्टेक' हे दोन शब्द त्या वहीत दिसले तर पान फाडून पुन्हा लिहायला लावीन. बरोबर आलेल्या प्रश्नांपैकी जे अंदाजाने आले त्यांच्याखालीही हेच लिहायचं. ते मला ओळखता येत नाहीत, तुम्हांला येतात. ईटीएसच्या दोन मोफत सराव परीक्षा संगणकावर आहेत. त्यांतली पहिली तुम्ही कुठलाही अभ्यास न करता उडवून टाकलीत, दुसरीला मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही.

सोमवारी येताना प्रत्येकाने एक लेख वाचून यायचा, इंग्रजी, किमान दोन हजार शब्दांचा. तो मिटून लेखकाचा युक्तिवाद मराठीत पाच वाक्यांत लिहायचा, त्यातलं एक वाक्य लेखकाने मान्य केलेल्या आक्षेपाचं असलं पाहिजे. लेख सोबत आणा, मी तपासून बघणार आहे. ज्याचा लिहून झाला नसेल त्याने वर्गात यावं, पण मागच्या बाकावर बसून आधी तो लिहावा, मग पुढे यावं. जा आता. आणि ते जाड पुस्तक ज्याचं आहे त्याला परत देऊन या.